बर्लिन : एका शहराचे दोन गल्ले

मनोर, पालघर आणि बोईसर-तारापूर पट्ट्यातील व्यापारी कुटुंबांना युरोपची सहल आता नवलाची राहिलेली नाही. मुलांच्या परीक्षा संपल्या, दुकानाची व्यवस्था भावावर किंवा मुनीमजींवर सोपवली, की स्वयंपाकाचे महाराज सोबत असलेल्या सहलीत नाव नोंदवले जाते. पॅरिसचा मनोरा, लूसर्नची हिमशिखरे, व्हेनिसचे कालवे, रोमचे भग्नावशेष ही यादी ठरलेली असते. तीत जर्मनीची राजधानी बर्लिन क्वचितच आढळते. ती वाटेत पडत नाही, तेथे बर्फाचे डोंगर नाहीत आणि छायाचित्रात झोकदार दिसावे असे फारसे काही नाही, ही कारणे खोटी नाहीत. तरीही ज्याने आयुष्यात रोजमेळ लिहिला आहे, उधारी वसूल केली आहे आणि नोटेचा भाव बदलला की काय होते ते अनुभवले आहे, त्याला युरोपातील सर्वाधिक बोलके शहर हेच वाटेल. बर्लिनची भिंत जगाला ठाऊक आहे. भिंतीच्या १३ वर्षे आधी ते शहर नोटेने दुभंगले होते, हे मात्र सहलीचे मार्गदर्शक एका वाक्यात उरकून टाकतात.

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले आणि पराभूत जर्मनीचे चार भाग झाले. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया यांनी ते वाटून घेतले. राजधानी बर्लिन रशियाच्या वाट्याच्या प्रदेशात, पश्चिमेच्या हद्दीपासून दीडशे किलोमीटरहून अधिक आत होती. पण राजधानी म्हणून तिचेही चार तुकडे पाडण्यात आले. या व्यवस्थेतील अडचण उमगण्यासाठी नकाशा घरचाच घ्यावा. मनोर गावाचा पश्चिमेकडील भाग एका सत्तेकडे, पूर्वेकडील भाग आणि पालघर, वाडा, विक्रमगड, डहाणूपर्यंतचा भोवतालचा सगळा मुलूख दुसऱ्या सत्तेकडे, अशी कल्पना करावी. हद्द मस्तान नाक्याच्या मधोमध. दुकान अलीकडे, गोदाम पलीकडे, आणि माल यायचा तो पलीकडच्यांच्या मेहेरबानीवर एका महामार्गाने.

युद्धानंतर जुन्या राइश्समार्कला कोणी विचारीत नव्हते. काळ्या बाजारात अमेरिकन सिगारेट हेच चलन झाले होते. अखेर २० जून १९४८ रोजी, रविवारी, पश्चिमेकडील तीन प्रदेशांत नवा डॉइश मार्क आला. प्रथम माणशी ४० मार्क हातात ठेवण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानांच्या काचेच्या कपाटांत असा माल दिसू लागला, जो आदल्या आठवड्यात कोणाकडेच ‘नव्हता’. साठेबाजी कशी होते आणि कशी सुटते, हे व्यापाऱ्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. खऱ्या नोटेचा वास आला की गोदामाचे कुलूप आपोआप उघडते.

रशियापुढे पेच पडला. पश्चिमेत रद्द झालेल्या जुन्या नोटांचा लोंढा आपल्या प्रदेशात येणार, हे उघड होते. त्यांच्या नव्या नोटा छापून तयार नव्हत्या. म्हणून जुन्याच नोटांवर लहानशी चिठ्ठी चिकटवून त्या चालवण्यात आल्या. लोकांनी त्यांना भिंतीला चिकटवायच्या कागदावरून ‘टापेटेनमार्क’ असे थट्टेचे नाव ठेवले. हीच नोट संपूर्ण बर्लिनमध्ये चालेल, असा रशियाचा आग्रह होता. पश्चिमेकडील सत्तांनी तो मानला नाही आणि आपल्या मार्कवर ‘बी’ अक्षराचा शिक्का मारून तो शहराच्या पश्चिम भागात आणला. २४ जूनला रशियाने रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. वीस लाखांहून अधिक माणसांचे अर्धे शहर एका नोटेपायी कोंडले गेले.

पुढील जवळजवळ अकरा महिने त्या अर्ध्या शहराला विमानांनी जगवले. पीठ, दूधभुकटी, वाळवलेले बटाटे, मीठ आणि मुख्यतः कोळसा, असे सर्व मिळून सुमारे २३ लाख टन सामान पावणेतीन लाखांहून अधिक फेऱ्यांत पोचले. त्यातील दोन तृतीयांश कोळसा होता. १५-१६ एप्रिल १९४९ या चोवीस तासांत जवळजवळ १३ हजार टन माल उतरला. महामार्गाच्या भाषेत सांगायचे तर दहा टनी तेराशे ट्रक, तेही आकाशातून. १२ मे १९४९ रोजी वेढा उठला.

ही विमाने जेथे उतरली, ते टेम्पेलहोफ विमानतळ पाहण्याजोगे आहे. २००८ मध्ये तो बंद झाला आणि आता ते विस्तीर्ण मैदान आहे. धावपट्टीवर मुले सायकली चालवतात, पतंग उडवतात, कडेला लोक भाजीचे वाफे लावतात. शहराच्या पोटातील तीनशे हेक्टरांहून अधिक जमीन! २०१४ मध्ये तिच्या कडेने इमारती बांधाव्यात काय, असा प्रश्न मतदानाला आला आणि बर्लिनकरांनी नकार दिला. मुंबई परिसरात जमिनीचा भाव जाणणाऱ्या माणसाला तेथे उभे राहिल्यावर काही क्षण हिशेब सुचत नाही.

वेढा उठला, पण दोन नोटा राहिल्या. मार्च १९४९ पासून पश्चिम भागात पश्चिमेचाच मार्क कायदेशीर ठरला. मात्र शहर अजून उघडे होते. माणसे भुयारी रेल्वेने पाच मिनिटांत एका चलनातून दुसऱ्या चलनात जात. हद्दीजवळ नोटा बदलण्याच्या पेढ्या निघाल्या आणि तेथे एका पश्चिमी मार्कला साधारण चार ते पाच पूर्व मार्क मिळत. या वटावावर अर्धे शहर जगू लागले. पूर्वेत राहणारा कारागीर पश्चिमेत काम करी, मजुरी पश्चिमी मार्कात घेई, ती बदलून घेई आणि पूर्वेतील स्वस्त भाडे व स्वस्त पाव यांवर शेजाऱ्याच्या कितीतरी पट सुखाने राही. पश्चिमेतील गृहस्थ केस कापायला पूर्वेत जाई. दोन्ही बाजूंना फायदा दिसत होता, पण फरक कोणाच्या तरी खात्यावर पडतच होता, आणि तो पूर्वेच्या सरकारच्या खात्यावर पडत होता. अनुदान त्याचे आणि लाभ दुसऱ्याचा. त्याहून मोठी गळती माणसांची होती. १९४९ ते १९६१ या काळात सुमारे २७ लाख लोक पूर्व जर्मनी सोडून गेले. त्यांत डॉक्टर, अभियंते आणि कसबी कामगार यांचा भरणा मोठा होता. पेढीतले हुशार गुमास्ते रोज समोरच्या पेढीत जाऊ लागले, तर मालक एकतर पगार वाढवतो किंवा दाराला कडी घालतो. पूर्वेच्या सरकारने दुसरा मार्ग धरला.

१३ ऑगस्ट १९६१, पुन्हा एक रविवार. पहाटे काटेरी तार आली, काही दिवसांत विटा आणि काँक्रीट. पश्चिम बर्लिनभोवतीची ही तटबंदी पुढे सुमारे १५५ किलोमीटर लांब झाली. मनोरहून अहमदाबादच्या दिशेने निघालेला ट्रक तेवढ्या अंतरात वलसाड मागे टाकून नवसारीच्या आसपास पोचतो. त्यातील सुमारे ४३ किलोमीटर भिंत शहराच्या दोन अंगांमधून गेली होती, म्हणजे मनोरहून पालघरला जाऊन परत यावे एवढी.

भिंत पाहायची तर प्रवासी बहुधा दोन ठिकाणी नेले जातात. एक, चेकपॉइंट चार्ली ही जुनी चौकी. तेथे आता छायाचित्रांची गर्दी आणि स्मरणवस्तूंची दुकाने आहेत; दहा मिनिटे पुरेत. दुसरे, स्प्रे नदीकाठची ईस्ट साइड गॅलरी. १९९० मध्ये अनेक देशांतील चित्रकारांनी भिंतीच्या तेराशे मीटरांच्या तुकड्यावर चित्रे काढली. ती रंगीबेरंगी आहेत आणि मुलांना आवडतात. मात्र ज्याला एकच ठिकाण पाहता येणार असेल, त्याने बर्नाउअर श्ट्रासे या रस्त्यावर जावे. येथे घरे पूर्वेत होती आणि त्यांच्या दारासमोरचा पदपथ पश्चिमेत. दार उघडले की परदेश. सैनिकांनी प्रथम दारे बुजवली, मग तळमजल्याच्या खिडक्या, मग वरच्या. ज्यांना वेळेत समजले, त्यांनी वरून गाद्यांवर उड्या टाकल्या. पहिल्याच दोन आठवड्यांत अशा उडीत एका वृद्धत्वाकडे झुकलेल्या स्त्रीचा प्राण गेला. भिंतीच्या पट्ट्यात अडकलेले एक चर्च १९८५ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आले. त्याच जागी आता मातीच्या जाड भिंतींचे लहानसे प्रार्थनागृह आहे. जवळच मृतांच्या छायाचित्रांची चौकट उभी आहे. बर्लिनच्या भिंतीवर किमान १४० माणसांचा मृत्यू झाला, त्यांपैकी काही मुले होती. येथे प्रवेशशुल्क नाही आणि आवाजही नाही.

या रस्त्याच्या टोकाला नोर्डबानहोफ हे भुयारी स्थानक आहे. भिंतीच्या काळात पश्चिमेच्या काही गाड्या पूर्वेच्या जमिनीखालून जात; तेथील स्थानके बंद, दिवे मंद आणि फलाटावर बंदूकधारी. लोक त्यांना भुतांची स्थानके म्हणत. गाडी थांबत नसे, मात्र जमिनीखालून जाऊ दिल्याचे भाडे पूर्वेचे सरकार पश्चिमेकडून तिच्याच मार्कात वसूल करी.

परकीय चलनाची ही भूक सर्वत्र दिसते. फ्रीडरिशश्ट्रासे स्थानकाला लागून काचेची एक इमारत आहे. तिचे लोकांनी ठेवलेले नाव त्रेनेनपालास्ट, म्हणजे अश्रुमहाल. पूर्वेतील नातलगांना भेटून परतणारे पश्चिमेचे लोक येथे निरोप घेत. आता ते विनामूल्य संग्रहालय आहे आणि तपासणीची अरुंद खोपटी तशीच ठेवली आहेत. आत जाण्यासाठी १९८० पासून दररोज माणशी २५ पश्चिमी मार्क एकास एक दराने बदलावे लागत. बाहेर चारपट भाव असताना आत एकास एक, आणि उरलेले पूर्व मार्क परत नेण्यास बंदी! आजीला भेटायला आलेल्या नातवाकडूनही हा कर सुटत नसे. पूर्वेत ‘इंटरशॉप’ नावाची सरकारी दुकाने होती. तेथे कॉफी, साबण, चॉकलेट मिळे, पण फक्त परकीय चलनात. स्वतःच्याच देशात स्वतःच्या देशाची नोट नाकारणारे दुकान, आणि तेही सरकारचे.

या जमाखर्चाचे सर्वांत अस्वस्थ करणारे पान होहेनशोनहाउझेन येथील तुरुंगात उघडते. हा गुप्त पोलिसांचा तुरुंग आता स्मारक आहे आणि पूर्वी तेथे कोंडलेली काही माणसे स्वतः तो दाखवतात. १९६० च्या दशकाच्या आरंभापासून १९८९ पर्यंत पश्चिम जर्मनीने पूर्वेकडून ३३ हजारांहून अधिक राजकीय कैदी पैसे देऊन सोडवले. प्रथम रोख, पुढे चर्चच्या सेवासंस्थेमार्फत कॉफी, तांबे, खनिज तेल अशा मालाच्या रूपात. एकूण रक्कम तीन अब्ज मार्कांच्या वर गेली. १९७७ पासून एका माणसाचा ठरलेला दर ९५ हजार ८४७ मार्क होता. रक्कम सरळ लाखाची नाही. म्हणजे कोणीतरी कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. सोडलेल्यांना नेणाऱ्या बसच्या क्रमांकाच्या पाट्या फिरत्या होत्या: हद्दीपर्यंत पूर्वेचा क्रमांक, पुढे पश्चिमेचा.

पश्चिमेत यावर वाद झाला. पैसे दिले तर माणूस सुटतो. पण माणूस विकला जातो हे कळल्यावर आणखी माणसे पकडण्याचा मोह होणार नाही काय? जैन समाजाला हा पेच परका नाही. कत्तलीसाठी आणलेले जनावर पैसे देऊन सोडवले तर तो जीव निश्चित वाचतो. त्याच पैशाने उद्या दुसरे जनावर येते, हेही खरे. पांजरापोळांच्या बैठकांत पिढ्यान्‌पिढ्या यावर दोन मते पडत आली आहेत. बॉनच्या सरकारनेही दोन्ही मते ऐकली आणि पैसे देणे थांबवले नाही. समोरच्या जिवाचे नाव, वय आणि शिक्षेची वर्षे ठाऊक असताना सिद्धांतासाठी त्याला आत राहू द्यायचे, हे करण्यास कोणीही मंत्री तयार झाला नाही. हेरांची अदलाबदल ज्या पुलावर होई, तो ग्लिनिके पूल पॉट्सडामच्या वाटेवर आहे. साधा, हिरवा, पोलादी पूल. बस त्यावरून कधी गेली ते समजतही नाही.

दुभंगलेल्या शहरात सगळ्याच गोष्टी दोन-दोन झाल्या. विद्यापीठ पूर्वेत राहिले म्हणून १९४८ मध्ये पश्चिमेत दुसरे निघाले. प्राणिसंग्रहालय पश्चिमेत राहिले म्हणून पूर्वेने १९५५ मध्ये आपले वेगळे काढले. संगीतगृहे दोन, संग्रहालये दोन आणि ग्रंथालयेही दोन. या शेवटच्या वाटणीशी येथील वाचकांचा दुरून का होईना, संबंध आहे.

मुंबई इलाख्यात शिक्षणखात्यात असलेले डॉ. गेऑर्ग ब्यूलर यांनी १८७० च्या दशकात सरकारच्या संमतीने गुजरात-राजस्थानातील जैन हस्तलिखिते बर्लिनच्या राजकीय ग्रंथालयासाठी खरेदी केली. तीच वाचून बर्लिनचे प्राध्यापक आल्ब्रेश्ट वेबर यांनी १८८३ ते १८८५ या काळात जैन आगमांवर विस्तृत प्रबंध लिहिला. पाश्चात्त्य विद्वानांना आगमांची अशी सलग ओळख प्रथमच झाली. कल्पसूत्राचे संपादक म्हणून जैन घरांत नाव ठाऊक असलेले हर्मन याकोबी वेबरांकडेही शिकले होते. पुढे याच ग्रंथालयात काम केलेले वाल्टर शुब्रिंग यांनी १८९१ नंतर आलेल्या हजाराहून अधिक जैन हस्तलिखितांची सूची तयार केली. ती १९४४ मध्ये, बाँबवर्षावाच्या काळात छापली गेली. जैन कर्मसिद्धांतावर प्रबंध आणि १९२५ मध्ये जैन धर्मावर ग्रंथ लिहिणारे हेल्मुट फॉन ग्लाझेनाप हे तर बर्लिनचेच. त्यांचे वडील ओटो हे राइश्सबँकेचे, म्हणजे आपल्या रिझर्व्ह बँकेसारख्या संस्थेचे, उपाध्यक्ष होते आणि फावल्या वेळात भारतीय कवितांची जर्मन रूपांतरे करीत. बँकेतील माणसे रुक्ष असतात, हा समज सार्वत्रिक आहे. तो सर्वस्वी बरोबर नसावा.

युद्धात या ग्रंथालयाचे ग्रंथ वाचवण्यासाठी खाणी, मठ, गढ्या अशा दूरदूरच्या जागी हलवण्यात आले. युद्ध संपले तेव्हा जे पूर्वेच्या हाती आले ते उंटर देन लिंडेन रस्त्यावरील जुन्या वास्तूत परतले, जे पश्चिमेच्या हाती आले ते मारबुर्ग, ट्युबिंगेन अशा गावी राहिले. १९७८ मध्ये भिंतीपासून हाकेच्या अंतरावर पश्चिमेने त्यांच्यासाठी नवी इमारत उघडली. एकाच ग्रंथमालेचा पहिला खंड भिंतीच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे, अशी स्थिती कित्येक दशके होती. १ जानेवारी १९९२ पासून दोन्ही घरे पुन्हा एका संस्थेखाली आली.

मराठी वाचकांसाठी आणखी एक पत्ता. शहराच्या नैर्ऋत्येला डालेम या शांत भागात मानववंशशास्त्राची एक संस्था होती. इरावती कर्वे १९२८ मध्ये तेथे संशोधनाला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. कवट्यांची मोजमापे करून इरावतीबाईंनी त्यांना हवा असलेला निष्कर्ष निघत नाही, असे प्रबंधात मांडले आणि तरीही पदवी मिळवून परतल्या. ती इमारत आज पश्चिमेच्या त्याच नव्या विद्यापीठाच्या वापरात आहे.

प्रवाशाच्या सोयीच्या दोन गोष्टी येथेच सांगितलेल्या बऱ्या. मुंबईहून फ्रँकफर्ट किंवा म्युनिकपर्यंत विमान आणि पुढे रेल्वे, हा सुखाचा मार्ग आहे. फ्रँकफर्टहून गाडीला साधारण चार तास लागतात. शहरात १०० क्रमांकाची साधी बस पकडावी. एकीकरणानंतर १९९० च्या नोव्हेंबरात दोन्ही भाग जोडण्यासाठी ती सुरू झाली. काचेच्या घुमटाचे संसदभवन, ब्रांडेनबुर्ग दरवाजाचा परिसर, उंटर देन लिंडेन, पुन्हा बांधलेला राजवाडा आणि त्याच्यासमोरील सांची तोरणाची पूर्णाकृती प्रतिकृती, हे सगळे नेहमीच्या तिकिटात दिसते. संसदेच्या घुमटासाठी आधी नाव नोंदवावे लागते, शुल्क नाही. संग्रहालय बेटावरील पेर्गामोन संग्रहालय दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद आहे, याची चौकशी करूनच दिवस ठरवावा. दरवाजाच्या दक्षिणेस नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या स्मरणार्थ काँक्रीटचे २७११ ठोकळे उभे केले आहेत. तेथे मुलांना ठोकळ्यांवर चढू देऊ नये.

आहाराचे म्हणाल तर बर्लिनमध्ये शुद्ध शाकाहारी, दूधही वर्ज्य असलेले पदार्थ सर्रास मिळतात. अडचण कंदमुळांची, बटाट्याशिवाय जर्मन ताट हलत नाही. चौविहार पाळणाऱ्यांनी महिना नीट पाहावा. जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊला मावळतो, डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आत. हिवाळ्यात दुपारचे जेवण आणि संध्याकाळचे जेवण यांत दोन तासांचेही अंतर उरत नाही.

आता पुन्हा गल्ल्याकडे. ९ नोव्हेंबर १९८९ च्या संध्याकाळी पूर्वेचे एक पुढारी ग्युंटर शाबोव्स्की यांनी पत्रकारांसमोर प्रवासाचे नवे नियम वाचले. ते केव्हापासून, असे विचारता हातातील कागद चाळून ‘ताबडतोब’ अशा अर्थाचे उत्तर दिले. तसे ठरलेले नव्हते. रात्री हजारो लोक चौक्यांवर जमले आणि बोर्नहोल्मर श्ट्रासेच्या चौकीने प्रथम अडसर उचलला. पुढे काय झाले ते जगाने दूरचित्रवाणीवर पाहिले. बँकांनी काय पाहिले, हे कमी सांगितले जाते. पूर्वेतून येणाऱ्या प्रत्येकाला पश्चिम जर्मनी स्वागताचे १०० मार्क देत असे. तो नियम भिंत असताना, थोडे लोक येत असताना केलेला होता. आता लाखो आले. त्या शनिवारी-रविवारी पश्चिम बर्लिनच्या बँका उघड्या राहिल्या. रांगा कोपऱ्यावरून वळून गेल्या. ८ नोव्हेंबर २०१६ नंतरचे आठवडे ज्यांनी बँकेच्या काउंटरच्या अलीकडे किंवा पलीकडे काढले आहेत, त्यांना त्या रांगेचे चित्र डोळ्यांसमोर आणणे कठीण नाही. फरक इतकाच की त्या रांगेत लोक हसत होते.

राज्ये ३ ऑक्टोबर १९९० रोजी एक झाली. नोटा त्याआधी, १ जुलैलाच एक झाल्या. तुटताना आधी नोट तुटली होती, जुळतानाही तीच आधी जुळली. दर काय ठेवावा, हा प्रश्न होता. पूर्वेच्या निर्यातदाराला एक पश्चिमी मार्क मिळवण्यासाठी चाराहून अधिक पूर्व मार्कांचा माल द्यावा लागे. मध्यवर्ती बँक सावधगिरी सुचवीत होती. सरकारने वेतन आणि निवृत्तिवेतन यांना एकास एक दर दिला. बचतीला वयाप्रमाणे मर्यादा घातली: १४ वर्षांपर्यंतच्या मुलाला २ हजार, साठीच्या आतल्यांना ४ हजार आणि साठी उलटलेल्यांना ६ हजार मार्कांपर्यंत एकास एक, त्यावर दोनास एक. ३० जूनच्या मध्यरात्री आलेक्झांडरप्लाट्झ चौकातील बँकेची शाखा बाराच्या ठोक्याला उघडली, तेव्हा लोटालोटीत काचा फुटल्या.

बचतदारांच्या बाबतीत हा निर्णय योग्यच होता. आयुष्यभर पोस्टात पै-पै ठेवलेल्या म्हाताऱ्याला त्याच्या पैशाचा चौथा हिस्सा देऊन आता तू मोकळा झालास, असे सांगणे कोणत्याही हिशेबात बसले नसते. वेतनाचा एकास एक दर मात्र कारखान्यांना पेलवला नाही. एका रात्रीत त्यांचा उत्पादनखर्च चौपट महाग चलनात गेला आणि पोलंड, हंगेरीसारखी जुनी गिऱ्हाइके मार्कात पैसे देऊ शकेनात. भारताचा पूर्व जर्मनीशी व्यवहार रुपयांत चाले; ‘ओर्वो’ची कृष्णधवल फिल्म त्याच वाटेने येथील फोटो स्टुडिओंत येई. १९७०-८० च्या दशकांतील लग्नाचे अल्बम ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांच्याकडे पूर्व जर्मनीचा माल आजही असण्याचा संभव आहे. ती फिल्म बनवणारा कारखानाही एकीकरणानंतर टिकला नाही.

विल्हेल्मश्ट्रासे आणि लाइप्त्सिगर श्ट्रासे यांच्या कोपऱ्यावरील एक प्रचंड करडी इमारत या संदर्भात अवश्य पाहावी. हिटलरच्या काळात ती हवाई मंत्रालय होती. १९४९ मध्ये तेथेच पूर्व जर्मन राज्याची स्थापना झाली. एकीकरणानंतर सरकारी कारखाने विकून टाकणाऱ्या ‘ट्रॉयहांड’ या विश्वस्त संस्थेचे कार्यालय तेथे होते. आरंभी सुमारे ८ हजार उद्योग आणि त्यांतील सुमारे ४० लाख कामगार तिच्या हवाली झाले. तिचे अध्यक्ष डेटलेफ रोहवेडर यांची १ एप्रिल १९९१ रोजी गोळ्या घालून हत्या झाली. आज इमारतीला त्यांचे नाव आहे. १९९४ अखेर संस्थेने दप्तर बंद केले तेव्हा विक्रीतून नफा तर नव्हताच, उलट २०० अब्ज मार्कांहून अधिक तूट होती. विकले गेलेले बरेच कारखाने पुढे बंद पडले. एकीकडे मोकळेपणा मिळाला आणि त्याच वर्षी नोकरी गेली, अशी घरे पूर्व बर्लिनमध्ये हजारोंनी होती. तेथील वयस्क माणसांच्या बोलण्यात ती कटुता अजून येते, आणि तिला कृतघ्नपणा म्हणणे अन्यायाचे होईल. त्या इमारतीत सध्या देशाचे अर्थमंत्रालय आहे.

पूर्वेची एक गोष्ट मात्र खुल्या बाजारात तगली: रस्ता ओलांडण्याच्या दिव्यातील टोपीवाला माणूस. एकीकरणानंतर तो काढून टाकणार होते. लोकांनी विरोध केला, एका कल्पक माणसाने त्याची दिव्यांपासून कपबशीपर्यंत उत्पादने काढली, आणि आज पश्चिम भागातल्या अनेक चौकांतही तोच उभा असतो.

रद्द झालेल्या पूर्व मार्कांच्या सुमारे ३ हजार टन नोटा हाल्बेरश्टाट गावाजवळील डोंगरातल्या भुयारांत पुरण्यात आल्या. त्या कुजतील अशी अपेक्षा होती. त्या कुजल्या नाहीत. २००१ च्या सुमारास चोर भुयारात शिरले आणि कधीच चलनात न आलेल्या २०० व ५०० मार्कांच्या कोऱ्या नोटा संग्राहकांच्या हाती पडू लागल्या. २००२ मध्ये सगळा साठा बाहेर काढून जाळण्यात आला. पश्चिमी मार्कची गोष्ट वेगळी आहे. युरो आला तरी तो आजही मध्यवर्ती बँक बदलून देते. दर ठरलेला आहे, १ युरोला १.९५५८३ मार्क, आणि त्याला मुदत नाही.

बर्नाउअर श्ट्रासेला लागून माउअरपार्क नावाची बाग आहे. भिंतीच्या मधली मोकळी पट्टी होती, तीच ही जागा. तेथे दर रविवारी जुना बाजार भरतो. जुने गालिचे, कपबश्या, कॅमेरे यांच्या मांडणीत पूर्व जर्मनीची अॅल्युमिनियमची नाणी विकायला ठेवलेली दिसतात. ती आपल्या जुन्या दोन-तीन पैशांसारखी हलकी, फुंकरीने सरकतील अशी आहेत. त्यांची किंमत युरोत सांगितली जाते, आणि घासाघीस चालते.